खिळ्याला टांगलेला सर्व्हर

पुसलं तुम्ही, साहेब, आणि नोटीस काढली शिवकन्येच्या नावानं. नोटिशीत तुम्ही लिहिलं, 'आपल्या निष्काळजीपणामुळे कार्यालयाची विदा नष्ट झाली.' विदा, म्हणजे डेटा, हा शब्द तुम्हाला कुणीतरी शोधून दिला असेल. शिवकन्या त्याला पाणी म्हणते. बावीस विहिरींचं, एकतीस वर्षांचं पाणी. ते कसं गोळा झालं, कुठं ठेवलं होतं आणि कोणत्या दुपारी गेलं, ते आता क्रमानं ऐका. मधे घंटी मारून चहा मागवू नका.

शिवकन्या सास्तूरची. तिचा बाप बब्रुवान. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. सगळं सरकार गावात येऊन माणसं मोजत होतं. बब्रुवानच्या घरातली तीन त्या मोजणीत गेली होती, त्यामुळं त्याला माणसं मोजायची हिंमत झाली नाही. पण त्याच्या ध्यानात आलं, की भूकंपानंतर विहिरी येड्यावाणी वागायल्यात. एकीचं पाणी आटलं, शेजारच्या विहिरीचं वर चढलं. तो पाणी मोजायला लागला. त्या साली येळवस आली, म्हणजे वेळ अमावस्या; तुम्ही बाहेरच्या जिल्ह्यातून आलात म्हणून सांगावं लागतं. त्या दिवशी आपला जिल्हा घरात राहत नाही, रानात जाऊन पांडवांची पूजा करतो आणि आंबील पितो. बब्रुवान छन्नी-हातोडा घेऊन विहिरीत उतरला आणि पाणी जिथं टेकलं होतं तिथं खडकावर आडवी खूण कोरली. बाजूला साल. पुढच्या येळवशीला पुन्हा. मग शेजारी म्हणाले, आमच्या बी हिरीत कोर की. करता करता बावीस विहिरी झाल्या. ज्याच्या रानात जाईल तो आंबील पाजल्याशिवाय सोडायचा नाही. कडूबाई, म्हणजे शिवकन्येची आई, म्हणायची, "सांजच्याला हेच्या पोटात एक खूण कोरावी, तेविसावी हीर हीच."

अशा एकतीस येळवशी. वही नाही, फोटो नाही. खडक तेवढा.

शिवकन्या बी.एस्सी. झाली. पुढं शिकायला पुण्याला पाठवण्याइतकं घरात नव्हतं, म्हणून गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ टेकून ती मोबाइलवर शिकली. रेंज तेवढ्याच जागी यायची. सर्व्हर कसा चालवतात, त्यावर प्रोग्राम कसा बसवतात, हे तिला कुणी मास्तरानं शिकवलं नाही, आणि म्हणूनच ते तिला नीट आलं. मग ती जिल्ह्याच्या गावी तुमच्या कार्यालयात कंत्राटी लागली. काम पाण्याचं. कार्यालयाच्या नळाला मात्र दहानंतर पाणी नसायचं.

बावीस विहिरी तिनं सुट्टीच्या दिवशी फिरून मोजल्या. विहिरीच्या काठापासून प्रत्येक खुणेपर्यंत टेप लावला. बापानं खाली उतरून टेपचं टोक धरलं. ते सगळे आकडे नकाशावर दिसावेत, कुणालाही मोबाइलवर बघता यावेत, असा प्रोग्राम तिनं लिहिला, आणि तुम्हीच, साहेब, खूश होऊन म्हणालात, "व्वा. आपली योजना तपासायला कमिटी येईल, तिला दाखवू." तुमच्याच सहीनं सर्व्हर भाड्यानं घेतला. मुंबईकडं कुठल्यातरी कंपनीच्या गोदामातलं ते यंत्र. त्याला हात लागत नाही. इथून हुकूम टाइप करायचे, तिकडं ते पाळले जातात.

पहिल्या दिवशी यंत्रानं तिला आतच घेतलं नाही. दार उघडायची किल्ली म्हणजे एक फाइल असते. ती कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर अशी ठेवलेली होती, की कुणीही वाचावी. यंत्र म्हणालं, जी किल्ली कुणीही वाचू शकतो ती किल्लीच नव्हे, परवानगी नाही. शिवकन्येनं त्या फाइलवरचे बाकीच्यांचे हक्क काढले, तेव्हा दार उघडलं. त्या यंत्राला जेवढी अक्कल होती तेवढी तुमच्या कार्यालयाला असती, तर ही गोष्टच घडली नसती.

मग तिनं डॉकर बसवलं, म्हणजे प्रोग्राम डब्यात बंद करून चालवणारं सॉफ्टवेअर. आधी जुनं अर्धवट काही पडलं होतं ते काढलं, मग ज्यांचं सॉफ्टवेअर त्यांचीच मोहर यंत्राला ओळखायला लावली, मग त्यांच्याच भांडारातून ते उतरवून घेतलं. सुरू केलं आणि चाचणीचा डबा चालवून बघितला. पडद्यावर निरोप आला, की मांडणी बरोबर झाली आहे; मग तिनं आपल्या प्रोग्रामचाही डबा उभा केला. उत्तरेश्वरमामा, तुमचे हेडक्लार्क, मागं उभे होते.

"काय म्हनतंय?"

"चालू झालं म्हणतंय, मामा."

"मग पेढे आणू का?"

"थांबा, बाहेरून दिसत न्हाय अजून."

बाहेरून दिसत नव्हतं, कारण भाडं घेणाऱ्या कंपनीच्या फाटकावर आपल्या वाटेची नोंदच नव्हती. दुपारपर्यंत ते फाटक उघडलं आणि सास्तूरच्या बावीस विहिरी नकाशावर निळ्या ठिपक्यांनी उमटल्या. मामांनी खरंच पेढे आणले.

त्या शनिवारी घरी बापाला तिनं सांगितलं, की डॉकर म्हणजे डबाबंद कारभार. प्रोग्रामला लागणारं सगळं एका डब्यात. डबा बिघडला तर फेकायचा, घटकेत दुसरा तसाच उभा करायचा.

"आन आतलं पाणी?" बब्रुवाननं विचारलं.

"पाणी डब्यात ठिवायचंच न्हाय, आबा. आकडे बाहेर, वेगळ्या जागी ठिवायचे. डबा मोडला तरी ते ऱ्हात्यात."

बब्रुवान विडी विझवत म्हणाला, "मग लई शिकलीस असं काय न्हाय. म्या बी खडकावरच ठिवलंय."

इथवर सगळं सरळ होतं. वाकडं झालं ते रजिस्टरापासून.

मामांकडं डेडस्टॉक रजिस्टर असतं. कार्यालयातली खुर्ची, पंखा, स्टूल, जे काही आहे त्यावर पांढऱ्या रंगानं नंबर पडतो आणि रजिस्टरात नोंद होते. मामा म्हणाले, "सर्व्हर घेतला म्हनं. कुठाय?"

"मुंबईला, मामा."

"तिकडं ठिवून नोंद हितं कशी करू? नग दिसाय पायजे, बाई."

"भाड्यानं घेतलाय."

"भाड्याची जीप बी दारात उभी ऱ्हाती."

 शेवटी तडजोड अशी झाली, की किल्लीची फाइल एका पेनड्राइव्हमध्ये घालायची, पेनड्राइव्हवर नंबर टाकायचा आणि नोंदीत लिहायचं, 'सर्व्हर, नग एक.' कार्यालयातल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या मामांच्या खुर्चीमागं खिळ्यांना टांगलेल्या असतात. मामा नसले तरी दुसऱ्यानं घ्यावी, उघडावं, परत टांगावी. कैक वर्षांची रीत. तिथंच एका खिळ्याला सुतळीनं सर्व्हर टांगला गेला. शेजारी संडासाची किल्ली.

शिवकन्या तुमच्या केबिनमध्ये आली होती, साहेब, आठवतं का? ती म्हणाली, "सर, प्रत्येकाला वेगळं लॉगिन देते. कोण आलं, काय केलं, ते कळेल."

तुम्ही म्हणालात, "इतक्या लोकांची नावं कशाला? ऑर्डर तुमच्या नावानं आहे. एकच ठेवा. तुमचं."

"मग किल्ली मी माझ्याजवळ ठेवते."

"कार्यालयाचा सर्व्हर आणि किल्ली तुमच्या पर्समध्ये? उद्या तुम्ही आला नाहीत तर?"

तिनं मान हलवली. कंत्राटी माणूस मान हलवतो तेव्हा हो म्हणतो असं तुम्ही धरता, पण पुष्कळदा ती नुसती मानच असते.

ही पहिली चूक तुमची, दुसरी तिची स्वतःची. ती झाकून मला तिला देवी करायचं नाही. मामा म्हणाले होते, "उद्या तुझं लगीन झालं आन गेलीस, तर आमी काय हात जोडून बसावं? समदं लिहून ठिव." तिनं नऊ पानं लिहिली, शुद्ध मराठीत, एकेका हुकमाचा अर्थ सांगत. नवव्या पानावर लाल शाईनं लिहिलं : 'हा हुकूम कधीही देऊ नये. याच्या शेपटीला जे एक अक्षर आहे त्याने डबा तर मोडतोच, पण बाहेर ठेवलेले आकडेही जातात. परत येत नाहीत.' आणि खाली तो हुकूम, शेपटीसकट, जसाच्या तसा. ज्या गावात विहिरीवर 'पाणी खोल आहे' अशी पाटी लावतात, त्या गावची ती. पाटी वाचून माणूस मागं सरतो, एवढंच तिनं आयुष्यात बघितलं होतं. पाटी वाचून कुणाला ढकलायचं सुचेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

नऊ पानं लॅमिनेट होऊन कॉम्प्युटरच्या बाजूला लागली.

मग तुम्ही कमिटीआधी एकदा नकाशा नीट बघितला. तुमचा अहवाल आधीच वर गेला होता. तुमच्या योजनेमुळं पाण्याची पातळी सव्वा मीटर वाढली, असा. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. आणि इकडं आलेखात बावीस विहिरींच्या पातळीच्या बावीस रेघा. एखाद्या साली जरा वर यायच्या आणि पुन्हा खाली जायच्या, उतारावर थांबत थांबत चालणाऱ्या म्हाताऱ्यासारख्या.

"मॅडम, या रेघा खाली का जातात?"

"पाणी खाली गेलंय म्हणून, सर."

"हा आपला अधिकृत डेटा नाही. शेतकऱ्यानं छन्नीनं काढलेल्या खुणा या."

"व्हय सर. पण दर साली एकाच दिवशी काढल्यात."

"वर जातील अशा करता येतील का? म्हणजे, आकडे नाही बदलायचे. मांडणी."

"रेघ उलटी करता येईल, सर. हीर उलटी कशी करावी?"

तुम्ही हसलात. ती हसली नाही. त्याच आठवड्यात आकड्यांची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवायची परवानगी तिनं लेखी मागितली. नस्ती, म्हणजे त्या अर्जाची फाइल, तुमच्या टेबलावर गेली आणि शेरा घेऊन परत आली, 'तूर्त आवश्यकता वाटत नाही.' घरच्या कॉम्प्युटरवर ठेवावी, तर कार्यालयाचा डेटा खासगी यंत्रावर ठेवणार नाही असं तिच्याकडून रुजू होतानाच लिहून घेतलेलं.

कमिटी येणार होती येळवशीच्या दुसऱ्या दिवशी.

येळवशीला जिल्ह्यात सुट्टी. त्या दिवशी दुकानांना कुलपं असतात, एसट्या रिकाम्या पळतात, आणि गावात चोर आला तरी त्याला विचारायला कुणी नसतं. शिवकन्या सास्तूरच्या रानात होती. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी-भाकरी झाली. मग ती बापाबरोबर विहिरी करत निघाली. दुपारी बाराच्या सुमाराला ते नवव्या विहिरीवर होते. बब्रुवान खाली बत्तिसाव्या येळवशीची खूण कोरत होता आणि ती वरून दोर धरून उभी होती. काठावर तीस-चाळीस माणसं, हातात आंबिलीचे गिलास. कुणीतरी म्हणालं, "बब्रुवान, अजून दहा सालांनी शिडी पुरायची न्हाय, मुंगळा व्हावं लागंल."

दुसऱ्या दिवशी ती साडेनवाला कार्यालयात आली. नकाशा उघडेना. ती सर्व्हरमध्ये शिरली. डबे विचारले, एकही नाही. बाहेरची साठवण विचारली, तिथंही काही नाही.  तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. आपल्याकडच्या शिकलेल्या पोरीला आधी हेच वाटतं.

मग तिनं दारवानाची नोंद बघितली. डबा मोडला तरी यंत्र स्वतः कोण आलं-गेलं ते लिहून ठेवतं. तिथं होतं : काल, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. नाव, शिवकन्या. आलेली वाट, कार्यालयाच्याच इंटरनेटची. दिलेला हुकूम, नववं पान, शेपटीसकट. तिनं त्या ओळी हातानं वहीत उतरवल्या.

कमिटी आली, तुमचा गुळगुळीत अहवाल बघितला, वाटेत खंडोबाचं दर्शन घेतलं आणि गेली. चार वाजता तुम्ही शिवकन्येला बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. एक कारणे दाखवा नोटीस, सात दिवसांत खुलासा सादर करा, अन्यथा सेवा समाप्त आणि फौजदारी. दुसरा टाइप केलेला, सहीपुरती जागा सोडलेला : 'माझ्याकडून अनवधानाने झाले.'

"नोंद तुमच्या नावाची आहे," तुम्ही म्हणालात. "मी काही करू शकत नाही. पण तुम्ही लहान आहात. यावर सही करा, मी प्रकरण मिटवतो. कंत्राटही वाढवू."

"सर, मी काल रानात होते."

"लॉगिन तर कार्यालयातून झालंय."

"म्हणूनच म्हणतेय."

तुम्ही पेन पुढं केलं. तिनं दोन्ही कागद घेतले आणि पेन तिथंच ठेवलं.

बाहेर मामा खुर्चीत बसून नखं बघत होते. चार महिन्यांवर रिटायरमेंट. त्यांचा स्वर पडलेला होता.

"सही करून टाक, बाई. अनवधानानं म्हंजी काय खून न्हाय. माणसाकडून व्हतं. नोकरी ऱ्हाईल."

"तुमी काल कुठं होता, मामा?"

"म्या? रानात. येळवस सोडून कुठं जाऊ? येळवशीला हापिसात कुत्रं बी थांबत न्हाय."

"मग थांबलं कोण?"

मामांनी खिळ्याकडं बघितलं. पेनड्राइव्ह संडासाच्या किल्लीच्या खिळ्याला होता आणि संडासाची किल्ली पेनड्राइव्हच्या. कैक वर्षं त्या खिळ्यांची जागा ज्याच्या बोटांना पाठ, त्याला हे सकाळीच दिसलं असणार. ते रजिस्टर उघडून उगाच पानं उलटायला लागले. त्यांचा राग करावा तर तोही धड येत नव्हता.

"मामा, ह्या जिल्ह्यातला माणूस येळवशीला कुठं असतो?"

"रानात."

"आन ज्याला येळवस म्हंजी काय तेच म्हाईत न्हाय, तो?"

"बाई," मामा हळू म्हणाले, "माझी पेन्शन मला घिऊ दे."

शिवकन्या घरी आली. चार दिवस तिनं खुलाशाचा कागद कोरा ठेवला. कडूबाई म्हणाली, "सही केलीस तर काय व्हतंय? लोक इसरत्यात." तिच्याही मनात ते येऊन गेलं होतं. पगार होता, धाकट्या बहिणीचं, वैष्णवीचं, नर्सिंग चालू होतं. सही म्हणजे तीन शब्दांखाली नाव.

पाचव्या दिवशी बापाला तिनं सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "समदं पुसलं म्हनतीस. हिरी बी पुसल्या का?"

"हिरी कशा पुसतील?"

"मग चल."

ते घरच्या विहिरीवर गेले. ऊन थेट आत उतरलं होतं. वरून खालपर्यंत खडकावर खुणा, आडव्या, ओबडधोबड, सालासकट. पहिली काठापासून हाताच्या अंतरावर. पाणी लई खाली, काळं, ताटाएवढं दिसणारं.

"तुझे साहेब म्हनतेत पाणी वर आलंय," बब्रुवान म्हणाला. "वर आलं असतं तर माझ्या खुणा बुडाल्या असत्या, शिवे. त्या वाचाया मला बुडी मारावी लागली असती. अन् हितं बघ, कोरड्याठाक, लेकराला वाचता येत्यात."

ती काठावर बसली. आकडे पुन्हा मोजता येतील, टेप आहे, बाप आहे, महिन्याभरात बावीसच्या बावीस होतील. पण त्या तीन शब्दांवर सही केली, की पुढं ती जे मोजेल ते निष्काळजी बाईचं मोजमाप ठरेल. कागद दाखवून म्हणतील, हिनंच लिहून दिलंय, हिच्याकडून चुका होतात. तुम्हाला आकडे पुसून भागणार नव्हतं, साहेब. मोजणारी पुसायची होती. हे तिला तिथं, त्या काठावर कळलं आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागली.

सातव्या दिवशी तिनं खुलासा दिला. मामांकडून आवक नंबर टाकून घेतला, पोचेवर शिक्का घेतला. मामांनी शिक्का मारताना कागद वाचला, आणि एरवी हलका मारतात तो शिक्का दाबून मारला. त्यांनी तेवढंच केलं. त्यांच्या मानानं ते पुष्कळ होतं.

कागद तुमच्या टेबलावर आहे. तुम्ही तो वाचलेला नसेल तर इथं वाचा :

'माझ्याकडून अनवधानाने काहीही झालेले नाही, म्हणून सोबतच्या कागदावर सही करत नाही. आकडे गेले आहेत, विहिरी आहेत. सास्तूरला या, शिडी आम्ही देतो, खुणा स्वतः वाचा. आपण माझ्याकडे कारणे मागितली. आता मी मागते. येळवशीच्या दिवशी, जिल्ह्याला सुट्टी असताना, सगळा जिल्हा रानात असताना, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी या कार्यालयात, त्या कॉम्प्युटरसमोर, खिळ्यावरची किल्ली घेऊन कोण बसले होते? त्यांचे नाव व हुद्दा मला सात दिवसांच्या आत लेखी कळवावा.'

खुलासा देऊन आज अकरावा दिवस आहे, साहेब. कोण बसलं होतं?